जुनी अमेरिकन टपाल तिकिटं आणि त्यांच्या रंगछटा: सतत विचारले जाणारे प्रश्न

इथे "जुनी" म्हणजे १८४७ पासून साधारण १८९८ पर्यंतची. भारतात बसून ही तिकिटं जमवणारे आपल्यात फार नाहीत, पण जे आहेत ते तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून टाकतोय. क्रम असा काही नाही, पाहिजे तो प्रश्न वाचा.

एकाच तिकिटाचे एवढे वेगवेगळे रंग कसे काय? मुद्दाम छापायचे का?

छे, मुद्दाम कोणी नाही. १८९४ पर्यंत सरकार स्वतः तिकिटं छापत नव्हतं, नोटा छापणाऱ्या खाजगी कंपन्यांना कंत्राट दिलेलं असायचं आणि शाई त्यांच्याकडेच तयार व्हायची. कोरडं रंगद्रव्य घ्यायचं, उकळलेल्या जवसाच्या तेलात घोटायचं, अंदाजाने दुसरा रंग घालायचा, झाली शाई. पुढचा घाणा आला की प्रमाण थोडं इकडे तिकडे, रंगद्रव्य दुसऱ्या व्यापाऱ्याकडचं, आणि मग तेच "लाल" तिकीट विटकरी तरी दिसतं नाहीतर गुलाबी.

दुसरं कारण छपाईचं. ही सगळी तिकिटं कोरलेल्या पोलादी प्लेटवरून छापलेली. खाचांमध्ये शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून जोरात दाबायचा. पुसणाऱ्याने जास्त पुसलं तर तिकीट स्वच्छ आणि हलकं दिसतं, कमी पुसलं तर अख्ख्या तिकिटावर शाईचा पातळ पडदा राहतो आणि तेच तिकीट गडद वाटतं. प्लेट झिजली की खाचा उथळ होतात, शाई कमी बसते, रंग फिका.

आता इथेच सगळी गोम आहे. शाईचं प्रमाण कमीजास्त झालं म्हणून दिसणारा फरक वेगळा आणि शाईच वेगळी होती म्हणून दिसणारा फरक वेगळा. पहिल्याला फारशी किंमत नाही, दुसऱ्याला आहे, कारण वेगळी शाई म्हणजे वेगळी छपाई आणि वेगळी छपाई म्हणजे तारीख. रंग जमवायचा म्हणजे खरं तर तिकीट कधी छापलं ते शोधायचं, सुंदर दिसतं का ते नाही. ही एक गोष्ट डोक्यात बसली की खालची अर्धी उत्तरं आपोआप सुटतात.

सुरुवात कशापासून करू? बजेट कमी आहे.

३ सेंटवाली. दुसरं काही बघू नका. १८५१ पासून १८८३ पर्यंत देशातल्या देशात बहुतेक साध्या पत्रांचा प्रीपेड दर ३ सेंट होता, त्यामुळे ही तिकिटं ढिगाने छापली गेली आणि अजून ढिगाने मिळतात. १८६१ चं गुलाबी (स्कॉट ६५, म्हणजे स्कॉट या अमेरिकन कॅटलॉगमधला नंबर), १८५७ चं दातेवालं, म्हणजे कडेला दात असलेलं, फिकट लाल (स्कॉट २६), १८७० च्या दशकातलं हिरवं, या तिघांची वापरलेली, थोडी खराब, कोपरा गेलेली अशी खिचडी एकदम घ्या. एक कोपरा फाटलाय म्हणून रंग बदलत नाही, उलट तेवढंच स्वस्त पडतं. दुकानदार ज्याला "स्पेस फिलर" (अल्बममधली रिकामी जागा भरायचं तिकीट) म्हणून बाजूला टाकतो तेच आपल्या कामाचं.

घेताना शिक्क्यावर वर्ष दिसतंय का ते बघा. १८५० च्या दशकातल्या बऱ्याच शिक्क्यांवर गाव, महिना आणि दिवस असतो, वर्षच नसतं, आणि म्हणूनच वर्ष असलेलं तिकीट सोनं आहे. अख्खं पाकीट मिळालं आणि आतल्या पत्रावर तारीख असेल तर अजून छान. अशी पाचदहा तारीखवाली तिकिटं ओळीने लावली की रंग कसा सरकत गेला ते डोळ्याला दिसतं, आणि बाजारातल्या कुठल्याही छापील कलर चार्टपेक्षा ती ओळ जास्त भरवशाची.

१८४७ चं पहिलं ५ सेंट घ्यायचंय, त्यात कुठल्या शेड असतात?

१ जुलै १८४७ ला दोन तिकिटं निघाली, ५ सेंट फ्रँकलिन आणि १० सेंट वॉशिंग्टन. छापणारी कंपनी न्यूयॉर्कची रॉडन, राइट, हॅच अँड एडसन, तिची आद्याक्षरं तिकिटाच्या अगदी तळाला बारीक अक्षरात आहेत, भिंगाने बघा. १० सेंटवालं काळं, तिथे शेडची भानगड जवळजवळ नाही. ५ सेंटवाल्यात मात्र मजाच मजा: लालसर तपकिरी हा नेहमीचा, मग गडद तपकिरी, काळपट तपकिरी, ऑरेंज ब्राउन, ब्राउन ऑरेंज, आणि सगळ्यात दुर्मिळ रेड ऑरेंज. खऱ्या रेड ऑरेंजची किंमत ऐकून पाणी प्यावं लागतं, त्यामुळे थोडासा केशरी वाटणारा प्रत्येक नग विकणाऱ्याच्या तोंडी रेड ऑरेंजच असतो. नव्याण्णव वेळा तो नसतो.

आणि एक, १८७५ मध्ये सरकारनेच या दोन्ही तिकिटांच्या नकला काढल्या होत्या, फिलाडेल्फियाच्या १८७६ च्या प्रदर्शनासाठी. त्या नवीन डायवरून (कोरीव साच्यावरून) केलेल्या आहेत, ५ सेंटच्या नकलेचा रंगही लालसर तपकिरीच, त्यामुळे रंगावरून ओळखायला जाऊ नका. फ्रँकलिनच्या शर्टाची पांढरी झालर बघा. खऱ्या तिकिटात तिची डावी बाजू अंडाकृती चौकटीला जिथे टेकते ती जागा खाली लिहिलेल्या फाइव्हच्या पहिल्या अक्षराच्या माथ्याच्या पातळीत येते, नकलेत ती ५ या आकड्याच्या माथ्याच्या पातळीत येते. एकदा दोन्ही शेजारी बघितलं की परत विसरत नाही.

१८५१ चं ३ सेंट ऑरेंज ब्राउन आणि साधं लाल, फरक कसा करायचा?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझा सगळ्यात आवडता पण. १ जुलै १८५१ ला नवीन दर लागू झाला आणि फिलाडेल्फियाच्या टॉपन, कार्पेंटर, कॅसिलियर कंपनीने वॉशिंग्टनचं ३ सेंट तिकीट काढलं. पहिल्या काही महिन्यांची छपाई ऑरेंज ब्राउन, स्कॉट १०. त्यानंतर शाई बदलली आणि पुढची कित्येक वर्षं जे काही निघालं त्याला कॅटलॉगवाल्यांनी ढोबळमानाने डल रेड म्हणून टाकलं, स्कॉट ११. त्या डल रेडच्या पोटात पण बराच गोतावळा आहे: १८५२ चा ब्राउनिश कार्माइन, पुढे ऑरेंज रेड, रोझ रेड, क्लॅरेट, आणि १८५७ च्या आसपासचा प्लम, जो खरोखर जांभळटपणाकडे झुकतो.

ऑरेंज ब्राउन डोळ्याला कसा दिसतो? उबदार आणि दाट, उठून दिसणारा, आणि छपाई एकदम कुरकुरीत, वॉशिंग्टनच्या केसांतली रेघन् रेघ मोजता येते, कारण प्लेटा तेव्हा नव्याकोऱ्या होत्या. पण नुसत्या डोळ्यावर जाऊ नका. १८५५ च्या सुमाराचं ऑरेंज रेड जरा मळलं, काळवंडलं की हुबेहूब ऑरेंज ब्राउनचा आव आणतं.

इथे प्लेट कामाला येते. डॉ. कॅरल चेस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या एकाच तिकिटामागे घालवली आणि कुठलं तिकीट कुठल्या प्लेटवर कुठल्या जागी होतं ते सगळं बसवून काढलं. त्यांच्या कामामुळे आज आपल्याला माहीत आहे की स्कॉट १० म्हणजे ऑरेंज ब्राउन फक्त प्लेटांच्या पाच अवस्थांमधून येतं (प्लेट मधे दुरुस्त केली की तिची नवी अवस्था धरतात): १ अर्ली, १ इंटरमीजिएट, २ अर्ली, ५ अर्ली आणि शून्य नंबरची. (हो, शून्य. प्लेटवर नंबरच कोरला नव्हता म्हणून तसं नाव पडलं.) तर तुमचं तिकीट या पाचांपैकी कुठल्याच अवस्थेत बसत नसेल तर रंग कितीही केशरी दिसू दे, विषय संपला. उलटं मात्र चालत नाही हं, या पाचांपैकी असलं म्हणजे ऑरेंज ब्राउनच असं नाही, कारण यातल्या काही प्लेटा शाई बदलल्यावरही थोडे दिवस चालू होत्या.

प्लेटिंग, म्हणजे तिकीट कुठल्या प्लेटवर कुठल्या जागी होतं ते शोधणं, ऐकून घाबरू नका. बाहेरच्या चौकटीच्या रेघा, कुठे दुहेरी कोरल्यात, कुठे तुटल्यात, एवढंच बघायचं असतं सुरुवातीला. मोठ्या रिझोल्यूशनचा स्कॅन आणि एक रिकामा रविवार पुरे.

५ सेंट जेफर्सनचे ब्रिक रेड, इंडियन रेड वगैरे प्रकार खरंच वेगळे आहेत की कॅटलॉगवाल्यांचा धंदा?

खरंच वेगळे आहेत. १८५७ ते १८६१ मधल्या दातेवाल्या ५ सेंटला स्कॉटने रंगाप्रमाणे स्वतंत्र मुख्य नंबर दिलेत, नुसते अ ब क नाही: २७ ब्रिक रेड, २८ रेड ब्राउन, २८ए इंडियन रेड, २९ ब्राउन, ३० ऑरेंज ब्राउन, ३०ए परत ब्राउन. पहिल्या चारांत डिझाइन टाइप १, म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेचे उंचवटे पूर्ण. शेवटच्या दोघांत टाइप २, ते उंचवटे कापलेले. त्यामुळे २९ आणि ३०ए मधला फरक रंगाचा नाहीच, कडेचा आहे.

इंडियन रेड हा यातला राजा. १८५८ चा, गडद लाल, तपकिरीकडे न जाणारा. रेड ब्राउन तिकिटाला कोणी रसायन लावून "इंडियन रेड" करून विकणं हा जुना उद्योग आहे, म्हणून तज्ज्ञांच्या सर्टिफिकेटशिवाय हात लावू नका.

३० नंबरचं ऑरेंज ब्राउन गमतीशीर आहे. ते १८६१ मध्ये आलं, यादवी युद्ध पेटलं त्याच वर्षी. दक्षिणेकडच्या पोस्टांमध्ये तिकिटांचा साठा अडकला होता, तो शत्रूला वापरता येऊ नये म्हणून वॉशिंग्टनच्या सरकारने जुनी सगळी तिकिटं रद्दच करून टाकली आणि ऑगस्ट १८६१ पासून नवीन सीरिज आणली. त्यामुळे या तिकिटाला टपालात फिरायला फार वेळ मिळालाच नाही, आणि नेहमी कोरं महाग नि वापरलेलं स्वस्त असतं तसं इथे होत नाही.

माझ्याकडचं १८६१ चं ३ सेंट "पिंक" आहे असं विकणारा म्हणाला. खरं का?

बहुतेक नाही. रागावू नका, पण आकडा बघा. हे तिकीट पावणेदोन अब्जांच्या आसपास छापलं गेलं आणि त्यातला प्रचंड मोठा हिस्सा रोझ. वापरलेलं रोझ दोन-तीन डॉलरला मिळतं, खरं पिंक (स्कॉट ६४) कॅटलॉगमध्ये काही शे डॉलरला, आणि पिजन ब्लड पिंक (६४ए) हजारांत. एवढा फरक असल्यावर लोकांचे डोळे आपोआप गुलाबी होतात.

पिंक म्हणजे ऑगस्ट १८६१ पासूनची सुरुवातीची छपाई. पातळ कोकम सरबताला कसा किंचित निळसरपणा असतो, तसा त्या गुलाबीच्या तळाशी असतो. रोझमध्ये तो नसतो, तिथे उलट जरा पिवळट-लाल झाक दिसते. मधे रोझ पिंक (६४बी) बसतं, आणि खरं सांगायचं तर बाजारात "पिंक" म्हणून फिरणारी जी बरी तिकिटं असतात ती रोझ पिंकच निघतात. ते पण चांगलंच आहे, वाईट वाटून घेऊ नका. पिजन ब्लड मात्र गडद, जिवंत रंग, निळी झाक स्पष्ट. ते एकदा प्रदर्शनात प्रत्यक्ष बघा. फोटोवरून, स्क्रीनवरून ते कळत नाही, कितीही भारी मोबाइल असला तरी.

तारखेचा उपयोग इथे पण करा. शिक्क्यावर १८६४ स्पष्ट दिसतंय आणि विकणारा पिंक म्हणतोय, तर निदान भुवया तरी उंचवा. कोणीतरी तीन वर्षं जपून ठेवलेलं तिकीट लावलं असेल, अशक्य नाही, पण त्याचे पैसे आपण का द्यायचे?

जुन्या कॅटलॉगमध्ये १८६१ च्या ३ सेंटचे लेक आणि स्कार्लेट (दोन्ही लाल छटा) दिसतात, आताच्यात का नाहीत?

आहेत, पण जागा बदलली. पूर्वी ६६ आणि ७४ असे नंबर होते, आता त्यांना ट्रायल कलर म्हणजे चाचणी छपाई धरतात. नेहमीच्या पोस्टाच्या खिडकीवर ती कधी विकली गेलीच नाहीत.

१८६१ च्या सीरिजमधल्या २४ सेंट वॉशिंग्टनबद्दल सगळे घाबरवतात. का?

कारण तो रंग उन्हाला टिकत नाही. रेड लायलॅक (लायलॅक म्हणजे फिकट जांभळा), ब्राउन लायलॅक, स्टील ब्लू, व्हायोलेट, ग्रे लायलॅक, ग्रे, अशी मोठी यादी आहे आणि त्यातलं कुठलंही तिकीट खिडकीजवळच्या फ्रेममध्ये काही काळ राहिलं की सगळी मिळून एकाच राखाडी गावाला पोचतात. मग समोरचं तिकीट मुळातच ग्रे छापलेलं की लायलॅकचं उडून ग्रे झालंय? उघड्या डोळ्याने सांगणं अवघड. स्टील ब्लूची तर मुद्दाम बनवाबनवी होते.

एक छोटी युक्ती: मागची बाजू आणि दात्यांच्या कडा बघा. ऊन पुढून लागतं, तेव्हा कडांच्या आत घुसलेली शाई किंवा शिक्क्याच्या जाड काळ्या शाईखाली झाकलेला भाग कधी कधी मूळ रंग जपून ठेवतो. तिथे रंग वेगळा दिसला तर पुढचा रंग उडालेला आहे. हे तिकीट तुमचं पहिलं तिकीट नसावं, एवढंच म्हणेन.

तिकीट काळपट पडलंय, ही दुर्मिळ शेड आहे का?

नाही हो, तो आजार आहे. काही केशरी आणि लाल शायांमध्ये शिसं असलेली रंगद्रव्यं होती. हवेतल्या गंधकाशी शिशाचा संबंध आला की काळं लेड सल्फाइड तयार होतं आणि तिकीट तपकिरी, मग चॉकलेटी, मग काळं. लोक त्याला "ऑक्सिडाइज झालं" म्हणतात, केमिस्ट्रीच्या दृष्टीने ते चूक, पण शब्द रुळलाय, चालू द्या.

ज्या घरात चांदीचे पैंजण, समया फार लवकर काळ्या पडतात, म्हणजे खाडीकाठ, नाल्याच्या जवळ, केमिकल कारखान्यांच्या पट्ट्यात, तिथे ही तिकिटं पण तशीच काळवंडणार, कारण दोघांचा शत्रू एकच. रबर बँडमध्येही गंधक असतं, त्यामुळे तिकिटांची पाकिटं रबराने बांधून ठेवायची सवय आजच सोडा.

मग हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करता येतं म्हणतात ते?

येतं. काळ्या लेड सल्फाइडचं पांढरं लेड सल्फेट होतं आणि मूळ रंग बराचसा वर येतो. साधारण ३ टक्क्यांचं द्रावण वापरतात. आपल्याकडे मेडिकलमध्ये जी बाटली मिळते ती बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते, लेबल वाचा आणि तेवढंच पाणी घालून निम्मी करा. आधी पाचपन्नास रुपयांच्या फालतू तिकिटावर करून बघा. वापरलेल्या, डिंक नसलेल्या सुट्या तिकिटावरच, पाकिटावर चिकटलेल्यावर अजिबात नाही, आणि पेनाने रद्द केलेलं असेल तर शाई उडून जाईल.

करावं का हा वेगळा मुद्दा. माझं मत विचाराल तर केशरी तिकीट काळं झालंय हे उघड असेल तर करायला हरकत नाही, पण पुढे विकताना सांगा. आणि शेड ठरवायच्या तिकिटावर करू नका, कारण पेरॉक्साइडनंतर जो रंग उरतो तो छापखान्यातला की बाटलीतला, हे तुम्हीच सांगू शकणार नाही.

चेंजलिंग म्हणजे काय?

रसायनाने, उन्हाने किंवा पाण्याने रंग बदललेलं तिकीट. कधी अपघाताने, कधी मुद्दाम. प्रशियन ब्लू या रंगद्रव्याला सोड्यासारखं अल्कली सोसत नाही, अल्ट्रामरीनला आम्ल सोसत नाही, हिरव्यातला पिवळा उडाला की निळसर उरतो, गुलाबी लेक रंगांना ऊन चालत नाही. म्हणजे ज्याला थोडी शाळेतली केमिस्ट्री आठवते त्याला नवीन "शेड" बनवणं फार कठीण नाही. म्हणूनच ज्या शेडची किंमत जास्त, तिच्यात चेंजलिंग जास्त.

आणि भिजवताना काळजी घ्या. रंगीत पाकिटाचा तुकडा आणि तिकीट एकाच वाटीत टाकलं तर पाकिटाचा रंग कागदाला लागतो आणि अख्खी छटा बदललेली दिसते. थंड पाणी, एकेक तिकीट, पाणी बदलत.

रंग बघायचा कसा? घरात ट्यूबलाइट आहे.

ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या एलईडीखाली दोन तिकिटं जुळ्यासारखी दिसतील आणि तीच बाहेर गॅलरीत नेली की वेगळी. दोन वेगळ्या शाया एका प्रकाशात सारख्या दिसतात आणि दुसऱ्यात नाही, हा नेहमीचा घोळ आहे. सगळ्यात चांगला प्रकाश म्हणजे उत्तरेकडच्या खिडकीतला, सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत, थेट ऊन न येता. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असताना निर्णय घेऊ नका, नाहीतर ५००० ते ६५०० केल्विनचा चांगला दिवा घ्या आणि कायम तोच वापरा.

करड्या रंगाच्या कागदावर तिकीट ठेवा, पांढऱ्या किंवा रंगीत टेबलक्लॉथवर नको. काळ्या कार्डाला दोन छोटी भोकं पाडा, एकाखाली आपलं तिकीट, दुसऱ्याखाली तारीखवालं खात्रीचं तिकीट. असं केलं की दाते, शिक्का, कागदाचा पिवळेपणा सगळं झाकलं जातं आणि नुसती शाई शाईशी बोलते. फार वेळ टक लावून बघू नका, डोळा थकतो आणि मग त्याला जे पाहिजे ते दिसायला लागतं.

आणि एकदा चष्म्याच्या डॉक्टरकडे रंगांची टेस्ट करून घ्या. लाल-हिरव्याची गडबड पुरुषांत बायकांपेक्षा खूप जास्त आढळते आणि ज्याला आहे त्याला बऱ्याचदा माहीतच नसतं. असली तरी छंद सोडायचं कारण नाही, प्लेटा आणि शिक्के आहेतच की.

मोबाइलवर फोटो बघून शेड सांगाल का?

नाही. मोबाइल व्हाइट बॅलन्स स्वतःच्या मनाने बदलतो, आणि पाठवताना ॲप अजून दाबतं. स्कॅन करायचाच असेल तर एकाच काचेवर शेजारी खात्रीचं तिकीट ठेवून करा, म्हणजे निदान तुलना तरी होते.

स्कॉट कॅटलॉगमधली नावं आणि दुसऱ्या कॅटलॉगमधली नावं जुळत नाहीत, कुठली बरोबर?

अमेरिकन तिकिटांसाठी स्कॉट धरा, कारण बाजार आणि सर्टिफिकेट त्यावर चालतात. पण त्यातसुद्धा एका तिकिटाचा "रोझ" म्हणजे दुसऱ्या तिकिटाचा "रोझ" नव्हे. प्रत्येक इश्शूचं नाव त्याच इश्शूपुरतं.

बँक नोट सीरिजमध्ये रंगावरून कंपनी ओळखता येते का?

काही किमतींत मस्त येते. १८७० ते १८८० च्या दशकात या सीरिजची तीच डिझाइनं तीन बँक नोट कंपन्यांनी छापली: नॅशनल, मग १८७३ पासून काँटिनेंटल, आणि १८७९ मध्ये काँटिनेंटल अमेरिकनमध्ये विलीन झाल्यावर अमेरिकन बँक नोट कंपनी. २ सेंट नॅशनलचं रेड ब्राउन, काँटिनेंटलचं ब्राउन, मग १८७५ पासून व्हर्मिलियन. ६ सेंट नॅशनलचं कार्माइन, नंतरच्यांचं पिंककडे गेलेलं. १५ सेंटला ब्राइट ऑरेंज, यलो ऑरेंज, रेड ऑरेंज असे तीन टप्पे. ३० सेंटला काळ्यातलेच तीन प्रकार, ब्लॅक, ग्रे ब्लॅक आणि फुल ब्लॅक, आणि यात कोणी पैज लावत असेल तर लावू नका.

रंग हा इथे फक्त इशारा. नक्की करायला काँटिनेंटलच्या खुणा बघा, उदाहरणार्थ ३ सेंटच्या रिबनच्या खालच्या भागातली शेडिंग जास्त गडद केलेली असते. आणि कागद: नॅशनल-काँटिनेंटलचा कडक, अमेरिकनचा मऊ, उजेडाकडे धरला की जाळीदार, ढगाळ दिसणारा.

शेड आणि कलर एरर यात फरक काय?

एरर म्हणजे भलतीच शाई. १८९३ च्या कोलंबियन सीरिजमधलं ४ सेंट अल्ट्रामरीन रंगात आहे, पण काही तिकिटं १ सेंटवाल्या गडद निळ्या शाईत छापली गेली, ती एरर. नेहमीच्या ४ सेंटच्याही गडद-फिक्या छटा भरपूर आहेत, त्या नुसत्या शेड. पडताळायला सोपं: शेजारी कोलंबियन १ सेंट ठेवा. रंग त्याच्याशी जुळला तर पुढचा विचार करा, नाहीतर सोडून द्या.

सर्टिफिकेट कुठून घ्यायचं, भारतातून पाठवणं परवडतं का?

न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन आणि अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ सेवा, ही दोन नावं कुठेही चालतात. त्यांच्याकडे संदर्भासाठी जमवलेली खात्रीची तिकिटं असतात, तुमचं तिकीट त्यांच्या शेजारी ठेवून बघतात. एक्स-रे फ्लुरोसन्सने तिकिटाला धक्का न लावता शाईत शिसं आहे, पारा आहे की लोह आहे हेही कळतं आणि अशी यंत्रं आता तिकिटांच्या अभ्यासात वापरली जातात.

परवडतं का तर फी, रजिस्टर पोस्ट, परतीचा खर्च, कस्टमची कटकट धरून स्वस्त तिकिटासाठी अजिबात नाही. महागडी शेड असेल तर आधीच सर्टिफिकेटसकट घ्या, आणि सर्टिफिकेटचं साल बघा, पन्नास वर्षांपूर्वीच्या मतापेक्षा अलीकडचं बरं. भाचा-पुतण्या न्यू जर्सीत असेल तर त्याच्यामार्फत पाठवा, आणि त्याला सांगा वॉशिंग्टनला युनियन स्टेशनशेजारी नॅशनल पोस्टल म्युझियम आहे, तिथे एकदा तरी जाऊन ये. पेनसिल्व्हेनियात बेलफाँटला सोसायटीचं मुख्यालय आहे, तिथली लायब्ररी बघण्यासारखी.

१८९८ ला का थांबता?

कारण तिथे रंगांचा सगळा खेळ एकदम बदलला. १८९७ ला वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या परिषदेत जागतिक टपाल संघाने ठरवलं की परदेशी टपालाच्या ठराविक दरांची तिकिटं सगळ्या देशांनी ठराविक रंगात काढावीत. अमेरिकेत १ सेंट निळ्याचं हिरवं झालं, ५ सेंट तपकिरीचं निळं. आता १ सेंट हिरवं झाल्यावर १० सेंटचं हिरवं कुठे जाणार, ते तपकिरी झालं. ५ सेंट निळं झालं म्हणून १५ सेंट गडद निळ्यावरून ऑलिव्ह हिरव्याकडे सरकलं. एकाने खुर्ची बदलली की सगळी रांगच हलली.

हे आपल्याकडेही झालं. घरात व्हिक्टोरिया राणीची जुनी तिकिटं असतील तर १९०० सालची बघा: अर्धा आणा पिवळट हिरवा, एक आणा कार्माइन, अडीच आणे अल्ट्रामरीन, त्याच ठरावाचा परिणाम.

पावसाळ्यात तिकिटांची काळजी?

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर कोरी डिंकवाली तिकिटं एकमेकांवर ठेवू नका, चिकटतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून परत. स्वस्त पीव्हीसीची पानं टाळा, त्यातलं प्लास्टिक मऊ करणारं तेल शाई ओढून घेतं. अल्बम उभे ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

अल्बममध्ये शेडचं नाव काय लिहायचं, खात्री नसेल तर?

पेन्सिलने लिहा. आधी तारीख असेल तर तारीख, मग प्लेट कळली असेल तर प्लेट, मग कंपनी, आणि शेवटी शेड, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. बऱ्याच पानांवर ते प्रश्नचिन्ह वर्षानुवर्षं तसंच राहील, राहू दे.